‘सगळं मिळून जे आहे’ त्याच्या चतुःसीमेत काय लिहायचं?

काळी_माती

अमृतानुभवाचं पाचवं प्रकरण, सच्चिदानंदपदत्रयविवरण (‘सत्’, ‘चित्’, ‘आनंद’ या तीन पदांचा खुलासा), वाचायला घेतलं की गावोगावच्या वाचन मंडळांत एक प्रश्न हमखास निघतो. ज्ञानोबारायांचं म्हणणं असं की ‘सत्’ हा शब्द वस्तूचं वर्णन करत नाही, तो फक्त ‘असत्’ला बाजूला सारतो. ‘चित्’ जडाला सारतो, ‘आनंद’ दुःखाला. याला ते अन्यव्यावृत्ती म्हणतात. मग ज्याच्या बाजूला ‘असत्’ कधी नव्हतंच, तिथं ‘सत्’ या शब्दाला तरी काय काम उरलं?

यातून दोन प्रश्न होतात. अस्तित्व हे एकसंध, अख्खं असं घेतलं तर त्याची कशाशी तुलना होऊ शकते का? आणि ‘ते का आहे’ याचं कारण द्यावं लागतं का?

माझी मांडणी खरेदीखतावरून आहे. वावराच्या खरेदीखतात गट नंबर, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र, आकार (म्हणजे सारा) हे सगळं येतं, आणि त्याखाली चतुःसीमा येते. पूर्वेस अमक्याचं वावर, पश्चिमेस पांदण, दक्षिणेस नाला, उत्तरेस गट नंबर तमुक. क्षेत्र तंतोतंत बरोबर आणि चतुःसीमा चुकलेली असली तर दस्त असूनही भांडण होतं, कारण २ हेक्टर ४० आर म्हणजे नेमकी कोणती जमीन हे शेजाऱ्यांशिवाय ठरत नाही. धुऱ्यापलीकडे कोण आहे त्यावर वावराची ओळख, शिवेपलीकडे कोण आहे त्यावर गावाची ओळख.

आता हेच वाढवत न्या. गाव, तालुका, जिल्हा, पृथ्वी, तारे, काळ, आणि जे जे ‘आहे’ म्हणता येईल ते सगळं एकाच दस्तात घ्या. पूर्वेस काय लिहाल? ‘काही नाही’ असं लिहिलं तर ‘काही नाही’ नावाचा एक शेजारी तयार झाला, म्हणजे दस्तातून काहीतरी सुटलंय असा अर्थ होतो. म्हणून माझं म्हणणं, तुलना आणि कारण, या दोन्ही गरजा तुकड्यांच्या आहेत. अख्ख्याला त्या नाहीत. चूक असेल तर नेमकी कुठं ते दाखवा.

पूर्णाकाठ

काळी माती भाऊ, दिशा बरोबर आहे, पण ‘गरज नाही’ म्हणण्याआधी तुलनेला काय काय लागतं ते तपासावं लागेल. नैयायिकांनी (न्यायशास्त्राच्या पंडितांनी) सादृश्याची व्याख्या फार काटेकोर केलेली आहे: ‘तद्भिन्नत्वे सति तद्गतभूयोधर्मवत्त्वम्’. म्हणजे त्याच्याहून वेगळं असताना त्याच्यातले पुष्कळ धर्म (गुणलक्षणं) अंगी असणं. गवय हा रानटी प्राणी गाईसारखा आहे, कारण गवय गाय नाही आणि तरीही खूर, शिंगं, वशिंडापासूनची ठेवण बरीच मिळतीजुळती आहे.

यात तीन अटी आहेत. दोन वस्तू हव्यात, त्या भिन्न हव्यात, आणि दोघींत सामाईक धर्म हवेत. अख्ख्या अस्तित्वाच्या बाबतीत ‘भिन्नत्वे सति’ हा पहिलाच तुकडा मोडतो, पुढच्या अटींपर्यंत जाताच येत नाही. म्हणून उत्तर ‘अस्तित्व अतुलनीय आहे, इतकं थोर आहे’ असं होत नाही. अनेक कीर्तनांत ते तसं सांगितलं जातं आणि तिथंच घसरण होते. थोर म्हणणं ही तुलनाच आहे.

न्यायशास्त्रातल्याच उदयनाचार्यांनी किरणावली या ग्रंथात सहा जातिबाधकं सांगितली आहेत, म्हणजे एखादा धर्म ‘जाती’ (सामान्य) का मानता येत नाही याची सहा कारणं. पहिलंच कारण ‘व्यक्तेरभेदः’. ज्याची व्यक्ती एकच, त्याची जाती होत नाही. गाई अनेक आहेत म्हणून गोत्व आहे. आकाश एकच आहे म्हणून ‘आकाशत्व’ ही जाती नाही. हेच सगळ्या अस्तित्वाला लावा: त्याचा वर्ग नाही, म्हणून वर्गातला त्याचा क्रम नाही, चांगलं-वाईट, मोठं-लहान असा दर्जाही नाही.

शाळेत अनन्वय अलंकार शिकवतात तो आठवा. ‘यासम हा.’ उपमेय आणि उपमान एकच. व्याकरण उपमेचं, आणि सांगायचं ते हे की इथं उपमा बसत नाही. अमृतानुभवात ज्ञानोबा शब्दाला पुन्हा पुन्हा या टोकापर्यंत आणतात.

सरकी

एक सांगा भाऊ. कापसाची ट्रॉली काट्यावर नेली त भरलेली मोजतात, मंग खाली करून रिकामी मोजतात. वजाबाकी केली का मालाचं वजन निघते. तसं ‘काहीच नसणं’ ही रिकामी ट्रॉली काहून नाही? ‘आहे’मधून ‘नाही’ वजा करा, अस्तित्व किती ते निघते. याच्यात चुकलं काय?

धुरेकरी

सरकी भाऊ, हा प्रश्न फार नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

काट्यावर भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वजन ५२ क्विंटल ४० किलो आलं, रिकामीचं ३१ क्विंटल ९० किलो, तर कापूस २० क्विंटल ५० किलो. चुका कुठं होतात? भरलेली मोजताना चालक खाली उतरलेला आणि रिकामी मोजताना तो बसलेला असला तर ६०-७० किलोंचा फरक, आणि तो कास्तकाराच्या अंगावर. भरली मोजताना चाकाला चिखल आणि रिकामी मोजेपर्यंत तो झडलेला, तर चिखलही कापसात मोजला जातो. किंवा रिकामी मोजलीच नाही, मागच्या खेपेचा आकडा तसाच लावला. तिन्ही चुकांचं मूळ एकच: रिकामी ट्रॉली ही स्वतः एक वस्तू आहे, तिला वजन आहे, आणि ते दर वेळी प्रत्यक्ष काट्यावर चढवून पाहावं लागतं.

‘काहीच नसणं’ काट्यावर चढवता येत नाही. तिथं ट्रॉली नाही, काटा नाही, मोजणारा नाही, शून्यावर आणलेला आकडाही नाही. काट्याचं शून्यसुद्धा ‘काही नाही’ नव्हे: काट्याच्या रिकाम्या लोखंडी फलाटाचं वजन गृहीत धरून आकडा शून्यावर आणलेला असतो. लोखंडाचा एवढा मोठा फलाट त्या शून्याखाली असतो. वजाबाकीला दोन्हीकडे काहीतरी लागतं.

याहून पुढची अडचण अशी की मोजायचं मापच मोजायची वेळ आली तर काय होतं. १८८९ पासून २०१९ पर्यंत किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ सेव्र इथं ठेवलेला एक ठोकळा होता. ९० टक्के प्लॅटिनम, १० टक्के इरिडियम, उंची आणि व्यास दोन्ही साधारण ३९ मिलिमीटर, तीन काचेच्या झाकणांखाली. देशोदेशी त्याच्या प्रती होत्या, भारताची ५७ क्रमांकाची दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. शंभरेक वर्षांत प्रती आणि मूळ ठोकळा यांच्यात ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडलेला दिसला. आता मूळ हलका झाला की प्रती जड झाल्या? व्याख्येप्रमाणे मूळ ठोकळा कायम एक किलोच. त्याला ‘तू चुकलास’ म्हणायला दुसरं मापच नव्हतं. अखेर २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांक स्थिरांकावर (निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर) बांधला आणि त्या ठोकळ्याचं काम संपलं.

इथं मुद्दा नीट बघा. ठोकळ्याची अडचण सोडवता आली, कारण त्याच्या बाहेर निसर्गातला एक स्थिरांक सापडला. अस्तित्व अख्खं घेतलं तर प्लांक स्थिरांकही आतच आला.

पूर्णाकाठ

धुरेकरींच्या रिकाम्या ट्रॉलीला शास्त्रात नाव आहे, म्हणून पुरवणी जोडतो.

अभाव सांगायचा तर दोन गोष्टी द्याव्याच लागतात: कशाचा अभाव (प्रतियोगी) आणि कुठं (अनुयोगी, म्हणजे अधिकरण). ‘जमिनीवर घट नाही’ यात घट प्रतियोगी, जमीन अधिकरण. अभाव चार प्रकारचा. होण्याआधीचा प्रागभाव, मोडल्यानंतरचा प्रध्वंसाभाव, कधीच नसण्याचा अत्यंताभाव आणि ‘घट म्हणजे पट नव्हे’ असा अन्योन्याभाव. चारांपैकी कोणताही घ्या, अधिकरण सुटत नाही.

‘कशाचंच अस्तित्व नाही’ या वाक्यात प्रतियोगी आहे सगळं. मग अधिकरण कुठून आणणार? जे अधिकरण म्हणून ठेवाल ते ‘सगळं’मध्ये मोजलं जातं. म्हणजे वाक्य व्याकरणानं पुरं, पण त्यात अभाव सांगायला लागणारा अर्धा भाग नाही. ‘रिकाम्या वावरात काही नाही’ याला अर्थ आहे, कारण वावर आहे. वावरही काढून घेतलं तर ‘रिकामं’ हा शब्द कशाला लावणार?

ऋद्धपूरवाट

सगळ्यांना दंडवत. इथपर्यंतचं सगळं वाचलं. माझा आक्षेप पहिल्या ओळीवर आहे. ‘अस्तित्व हे एकसंध, अख्खं असं घेतलं तर’ असं काळी माती दादांनी म्हटलं आणि पुढं सगळ्यांनी ते घेऊनच टाकलं. घ्यायचं काहून?

ऋद्धपुराच्या मातीत श्रीचक्रधरांच्या सूत्रांवर उभा असलेला महानुभाव पंथाचा विचार वेगळा आहे. जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर हे चार पदार्थ. चौघेही अनादी, चौघे परस्परांहून भिन्न. प्रपंच कार्यरूपानं अनित्य, कारणरूपानं नित्य. जीव परमेश्वराचा अंश नाही, त्याच्यात विरून जाणाराही नाही. तेव्हा ‘सगळं मिळून एक’ ही आमच्या दृष्टीनं नुसती बेरीज आहे. चार भावांची वावरं एका नकाशावर दिसली म्हणून सातबारा एक होत नाही.

त्यामुळं तुलना आमच्याकडे शिल्लक राहते. जीव बद्ध, परमेश्वर मुक्ती देणारा. देवता फळ देतात पण मर्यादित. ही तुलना काढून टाकली तर साधकाला कुणाला शरण जायचं हेच कळणार नाही. एकसंधपणा आधी सिद्ध करा, मग तुलना काढा. उलटं करू नका.

काळी_माती

दंडवत दादा. आक्षेप मान्य, मी ते गृहीत धरलं होतं.

एकसंध म्हणजे काय ते निदान नीट सांगतो. विद्यारण्यांच्या पंचदशी या अद्वैत ग्रंथात दुसऱ्या प्रकरणात झाडाचं उदाहरण आहे. झाडाचे भेद तीन प्रकारचे. पान, फूल, फळ हा झाडाच्या आतला भेद, स्वगत. या झाडाचा दुसऱ्या झाडापासूनचा भेद सजातीय. झाडाचा दगडापासूनचा भेद विजातीय. छांदोग्यातल्या ‘एकमेवाद्वितीयम्’मधली ‘एकम्’, ‘एव’, ‘अद्वितीयम्’ ही तीन पदं या तीन भेदांना ओळीनं नाकारतात, असा तिथला अर्थ.

आता यातले दोन, सजातीय आणि विजातीय, हे ‘सगळं’ या शब्दातच जातात. दुसरं ‘सगळं’ नाही, आणि ‘सगळं’हून वेगळ्या जातीचंही काही उरत नाही. हे तुम्हालाही मान्य व्हावं, कारण चार पदार्थांची यादी पुरी झाल्यावर पाचवा नाही असं तुमचाही पंथ सांगतो. खरा वाद तिसऱ्यावर आहे: आतले भेद खरे की नाहीत. ज्ञानोबा सोन्याचं उदाहरण घेतात. कांती, कठीणपणा आणि सोनं हे वेगळे काढून ठेवता येत नाहीत. कापराचा पांढरेपणा, मऊपणा, सुगंध तसंच. पण तुम्ही म्हणाल, जीव आणि परमेश्वर हे कापराचे गुण नव्हेत. ते या उदाहरणानं सुटत नाही, हे मान्य करतो.

ऋद्धपूरवाट

बाहेरची तुलना नाही, हे मान्य. आतली आहे, हे तुम्ही मान्य केलं. आणखी एक जोडतो: अनादी म्हटलं की ‘का’ तिथंच थांबतो, हे आमच्याकडे चारही पदार्थांना लागू आहे. म्हणजे कारण न देणं हा काही अद्वैताचा खास माल नाही. द्वैतीसुद्धा कुठंतरी थांबतोच, फक्त चार ठिकाणी थांबतो.

वैनगंगा

ऋद्धपूरवाट दादांनी ‘नुसती बेरीज’ म्हटलं, त्या शब्दावर थांबते.

अवयव आणि अवयवी यांचा वाद या देशात फार जुना. नैयायिक म्हणतात, धाग्यांपासून झालेलं लुगडं हे धाग्यांहून वेगळं नवं द्रव्य आहे आणि ते समवायानं (न तुटणाऱ्या संबंधानं) धाग्यांत राहतं. बौद्ध विचारतात, वेगळं असेल तर वजन वाढायला हवं. एक किलो सुताचं कापड विणलं तर तागडीत धाग्यांचं एक किलो आणि कापडाचं आणखी काही दिसायला हवं. दिसत नाही. (ताण्याला खळ दिली असेल तर आकडा चढेल, पण ते खळीचं वजन. धुऊन काढली की पुन्हा तेवढंच.) दुसऱ्या बाजूनं, सूत गुंडाळून अंगावर घेता येत नाही, लुगडं नेसता येतं. म्हणजे विणीनं काहीतरी झालं हेही खरं.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन, ज्याचा जन्म तिबेटी परंपरा विदर्भातला सांगते, तो या दोघांनाही थांबवतो. त्याच्या मूलमध्यमककारिका या ग्रंथाच्या २७ प्रकरणांत पद्धत एकच: एक गोष्ट दुसरीवर टेकून आहे का ते बघा, टेकून असेल तर तिला स्वतःचा असा स्वभाव नाही. लांब हे आखूडावर टेकलेलं, बाप हा लेकावर. मग ‘अख्खं’ कशावर टेकलंय? तुकड्यांवर. तुकडे ‘अख्ख्या’वर. दोन्ही एकमेकांवर टेकलेल्या पेंढ्या. एक ओढली तर दुसरी पडते. म्हणून ‘तुकड्यांना तुलना लागते, अख्ख्याला नाही’ हे काळी माती दादांचं वाक्य मला अर्धंच पटतं. ‘अख्खं’ हा शब्द तुम्हाला ‘तुकडा’शी तुलना करूनच मिळाला. तुलनेच्या शिडीवरून चढलात आणि वर गेल्यावर म्हणता शिडी नाहीच.

माझ्या मते प्रामाणिक मांडणी अशी होईल: ‘अस्तित्व अख्खं आहे’ हेही म्हणू नका, ‘तुकड्या-तुकड्यांचं आहे’ हेही नको.

लोणारकाठ

तत्त्वज्ञानात मी हात घालत नाही, पण तुलना नसली तर ज्ञान कसं होतं याची एक बाजू भौतिकशास्त्रात फार नीट बघायला मिळते.

आधी तुलना चालते तिथलं. लोणारचं विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, बसाल्टमध्ये. ज्वालामुखीचं की उल्केचं हा वाद बरीच वर्षं चालला. निकाल लागला तो तुलनेनं: जबर आघाताशिवाय तयार न होणारी मॅस्केलिनाइट ही काच तिथं सापडल्याचं १९७३ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि मग चंद्रावरच्या बसाल्टी विवरांशी त्याची सांगड घालता आली. विवरं अनेक आहेत म्हणून हे जमलं.

विश्व मात्र पाहायला एकच मिळालेलं आहे. वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारणातल्या (विश्वाच्या सुरुवातीच्या काळातून सगळीकडून येणाऱ्या मंद प्रारणातल्या) तापमानाच्या चढउतारांची मोजणी करताना याचा फटका आकड्यात दिसतो. आकाशाचे मोठमोठे पट्टे घेऊन चढउतार मोजले तर स्वतंत्र नमुने मोजकेच मिळतात. आकाशाच्या तुकड्यांच्या आकाराला ℓ हा क्रमांक देतात, ℓ लहान तितका तुकडा मोठा; ℓ क्रमांकाच्या पातळीला २ℓ+१ नमुने, म्हणून ℓ=२ ला फक्त ५. सापेक्ष अनिश्चितता √(२/(२ℓ+१)), म्हणजे √(२/५), जवळपास ६३ टक्के. दुर्बीण कितीही चांगली आणा, ही अनिश्चितता कमी होत नाही, कारण दोष यंत्राचा नाही. दुसरं विश्व नाही, एवढंच कारण. लहान कोनांवर, ℓ १०००च्या आसपास, हीच अनिश्चितता ३ टक्क्यांवर येते, कारण आतल्या आत नमुने भरपूर मिळतात.

दुसरी गोष्ट. बाहेर न जाता अख्ख्याबद्दल काही कळतं का? कळतं. वक्रता आतूनच मोजता येते. सपाट जमिनीवर त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश. पृथ्वीवर विषुववृत्ताचा पाव भाग आणि उत्तर ध्रुव घेऊन त्रिकोण केला तर तिन्ही कोन ९० अंशांचे, बेरीज २७०. पृथ्वी गोल आहे हे सांगायला पृथ्वीबाहेर उभं राहावं लागत नाही. ‘विश्व प्रसरण पावतंय तर कशात?’ हा प्रश्नही याच कारणानं सुटतो: प्रसरण म्हणजे आतल्या अंतरांचं वाढणं. बाहेरची जागा त्या समीकरणांत लागतच नाही.

मात्र एक सावधगिरी. भौतिकीतलं ‘विश्व’ म्हणजे १३.८ अब्ज वर्षांचा इतिहास असलेली, मोजता येणारी व्यवस्था. या धाग्यातलं ‘सगळं’ त्याहून मोठं आहे; त्यात गणितही येतं, हा प्रश्नही येतो. दोन्ही एक समजून कुणी ‘विज्ञानानं अद्वैत सिद्ध केलं’ असं लिहू नये. केलेलं नाही.

सरकी

तुलनेचं समजलं. आता ‘का आहे’चं सांगा न. थे राहूनच गेलं.

पूर्णाकाठ

राहिलंच होतं.

‘काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे?’ हा प्रश्न या शब्दांत जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सनं १७१४ मध्ये मांडला. त्याच्या आधीच्या एका लेखातलं उदाहरण एका प्रतीवरून दुसरी उतरवत आलेल्या पुस्तकाचं होतं. आपल्याकडे तुरीच्या बियाण्याचं घेऊ. यंदाची तूर मागच्या वर्षी राखलेल्या बियाण्याची, ती त्यामागच्या वर्षीच्या. साखळी कितीही मागं न्या, प्रत्येक वर्षाचं उत्तर मिळेल. पण ‘मुळात तूरच का, आणि हे राखणं-पेरणं चालूच का आहे’ याचं उत्तर साखळी लांबवून मिळत नाही. म्हणून कारण साखळीबाहेर हवं, असं तो म्हणतो.

याला स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमनं, १७७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संवादांत, उत्तर दिलं: वीस कणांपैकी प्रत्येकाचं कारण सांगितल्यावर ‘पण वीसांचं मिळून कारण काय’ हे विचारणं गैर. आपल्या भाषेत, निंदणाला आलेल्या २० बायांपैकी प्रत्येक का आली हे सांगून झाल्यावर ‘२० जणी का आल्या’ हा वेगळा प्रश्न उरत नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलनंही १९४८ च्या रेडिओवरच्या वादात विश्व ‘आहे, बस’ अशीच बाजू घेतली.

ह्यूमचा युक्तिवाद मला पुरता पटत नाही. वीसही जणींना एकाच मुकादमानं गाडीत घालून आणलं असेल तर प्रत्येकीचं वेगळं कारण सांगूनही एक सामाईक कारण सुटतं. म्हणजे अख्ख्याचं वेगळं कारण असू शकतं. पण ते केव्हा? मुकादम त्या वीसांत नसेल तेव्हाच. ‘सगळं’ म्हटल्यावर मुकादमही आत येतो. इथं लायब्निट्सची साखळी आणि ह्यूमचे कण दोघेही एकाच जागी येऊन थांबतात. लायब्निट्स साखळीबाहेरच्याला ‘स्वतःचं कारण स्वतःच’ म्हणतो, सांख्यसूत्र म्हणतं ‘मूले मूलाभावादमूलं मूलम्’, मुळाला मूळ नसतं. ऋद्धपूरवाट ‘अनादी’ म्हणतात. थांबण्याची नावं वेगळी आहेत. न थांबणारा कुणी मला तरी माहीत नाही.

निळी_पहाट

चर्चा छान चालली आहे, पण एक गोष्ट स्पष्ट लिहिल्याशिवाय पुढं जाऊ नये.

‘अस्तित्वाला समर्थनाची गरज नाही’ हे वाक्य गावात पोचेपर्यंत ‘जे आहे ते आहे, विचारू नका’ असं होतं. एकाला पाणवठा खुला आणि दुसऱ्याला नाही, हेही मग ‘आहे’ मध्ये बसवतात. बाबासाहेबांनी हाच सवाल केला होता: सगळं ब्रह्म एकच असं शिकवणाऱ्या परंपरेत श्रेणीबद्ध असमानता टिकली कशी? एकत्वाचा सिद्धांत होता, पण त्यातून समाजाचं धर्मशास्त्र निघालं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी जे सोडलं ते ब्रह्माचं तत्त्वज्ञान म्हणून सोडलं नाही. त्या तत्त्वज्ञानाखाली विनासमर्थन चाललेली रचना सोडली.

बुद्धाकडे बघा. जग शाश्वत की अशाश्वत, अंत असलेलं की अनंत, असे दहा प्रश्न पालीत अव्याकृत म्हणून येतात. त्यांना तो उत्तर देत नाही. बाण लागलेल्या माणसानं बाण कोणत्या लाकडाचा, मारणारा कोणत्या कुळाचा हे कळेपर्यंत काढू न देणं म्हणजे मरणंच. पण त्याच बुद्धानं दुःखाचं कारण काय हा प्रश्न मात्र सोडला नाही, त्याची बारा कड्यांची साखळी मांडली. अख्ख्याबद्दल मौन, तुकड्याबद्दल कडक चौकशी. हे दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय हा धागा अर्धवट आहे.

धुरेकरी

निळी पहाट यांचं म्हणणं शंभर टक्के मान्य, आणि ते जागेवर ठेवायला एक साधी कसोटी सुचवतो.

‘का’ विचारायला हक्काची जागा तिथं आहे जिथं वेगळं असणं दाखवता येतं. कापूस खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्के धरून भाव ठरतो, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेतात, वर गेला की गाडी परत. इथं ‘माझी गाडी परत का’ हा रास्त प्रश्न आहे: शेजारची गाडी घेतली गेली, ओलाव्याचं यंत्र तिथंच आहे, दुसऱ्या बोंडांत घालून पुन्हा मोजता येतं. वेगळा निकाल शक्य होता, म्हणून समर्थन द्यावंच लागतं. पाणवठ्याचंही तेच. खुला असू शकला असता. म्हणून बंद ठेवणाऱ्यानं कारण द्यावं, आणि ते नसेल तर उघडावा. अख्ख्या अस्तित्वाला मात्र ‘वेगळं असतं तर’ दाखवायला शेजारची गाडी नाही.

आणि शासकीय नमुन्यात याला दोन वेगळे शब्द आहेत, ते इथं कामाचे आहेत. ‘निरंक’ आणि ‘लागू नाही’. पीक नुकसानीच्या तक्त्यात वावर आहे पण नुकसान झालं नाही, तर ‘निरंक’. ज्याच्याकडे वावरच नाही त्याच्या रकान्यात ‘लागू नाही’. बेरजेत निरंक शून्य म्हणून धरलं जातं, ‘लागू नाही’ बेरजेत येतच नाही. अस्तित्वाचं कारण ‘निरंक’ आहे म्हणणं म्हणजे कारण शोधलं आणि शून्य निघालं, म्हणजे अस्तित्व विनाकारण, उघड्यावर पडलेलं. त्यातून माणसाला पोकळ वाटायला लागतं. ‘लागू नाही’ म्हटलं तर तसं काहीच निघत नाही.

वैनगंगा

हा शब्द मला चालेल. ‘अख्खं’ या शब्दाबद्दलची माझी हरकत तशीच आहे, पण ‘लागू नाही’ला नागार्जुनही अडवणार नाही.

काळी_माती

मग माझ्या पहिल्या पोस्टमधली दोन वाक्यं दुरुस्त करतो. ‘अख्ख्याला तुलनेची आणि कारणाची गरज नाही’ ऐवजी ‘अख्ख्याला बाहेरची तुलना आणि बाहेरचं कारण लागू नाही, आतल्या तुकड्यांना दोन्ही पूर्ण लागू आहे’ असं वाचावं. आणि चतुःसीमेचा रकाना कोरा ठेवायचा असं माझ्या मनात होतं, ते सोडतो. दस्तात कोरी जागा ठेवली की मागून कुणीतरी त्यात भरतं.

ऋद्धपूरवाट

दुरुस्ती योग्य. ‘अख्खं’च्या पुढं ‘(एकसंध असल्यास)’ एवढं जोडा, म्हणजे आमचीही सही होईल.

काळी_माती

जोडलं, दादा.

पूर्णाकाठ

पुढचं वाचन ठरवताना सातवं प्रकरण, अज्ञानखंडन, घ्यावं असं सुचवतो. दहा प्रकरणांत सगळ्यांत मोठं तेच. आतले भेद अज्ञानानं दिसतात असं म्हणायचं तर ते अज्ञान राहतं कुठं, त्याचं अधिकरण काय, हा प्रश्न तिथं ज्ञानोबा स्वतःच लावून धरतात. ऋद्धपूरवाट यांचा आक्षेप हाती ठेवून ते वाचलं तर जास्त निघेल. आठवड्याला २०-२५ ओव्या, त्याहून जास्त नको. शब्द सोपे वाटतात आणि युक्तिवादाची कडी मागं राहून जाते.

सरकी

मी येतो जी. पहिल्या २० ओव्यांचा अर्थ कोण टाकते?